हरिश्चंद्राची दोनशे सहा हाडं

...आणि तुम्हाला सांगतो, हरिश्चंद्र नागवेकराचं म्हणणं काही फार मोठं नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच की, माणूस पस्तीस वर्षं जहाजावर फिटर म्हणून राबला, इंजिनरूमच्या उकाड्यात निम्मा शिजला, रिटायर होऊन रत्नागिरीत आपल्या घरी आला, तर निदान स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या अंगावर त्याचा स्वतःचा हक्क असावा की नसावा? असावा ना? मग त्याची बायको संध्याकाळी साडेसहाला चष्मा लावून, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात बॉलपेन घेऊन येते, त्याचा शर्ट काढायला लावते, त्याला पालथा पाडते आणि वर म्हणते, "हलू नका." हे काय आहे? ह्याला संसार म्हणायचं?

आता तुम्ही म्हणाल, बाई अशी का वागते. सांगतो. सगळं सांगतो, पण मधे थांबवू नका.

सावित्री वहिनी म्हणजे साधी बाई. वय छप्पन्न. शाळा नववीपर्यंत, कारण दहावीच्या वर्षी लग्न झालं. हरिश्चंद्र नऊ महिने जहाजावर, तीन महिने घरी. सुरुवातीची वर्षं तशी गेली, मुलगी मोठी झाली, लग्न होऊन ठाण्याला गेली, आणि मग हरिश्चंद्राची आई पडली. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण म्हातारी काही परत उभी राहिली नाही. चार वर्षं अंथरुणात. आणि चार वर्षं तिचं सगळं सावित्रीने एकटीने केलं. सगळं म्हणजे सगळं. हरिश्चंद्र जहाजावरून फोन करायचा, "आई कशी आहे?" इकडून उत्तर यायचं, "बरी आहे." संपलं. तो परत स्पॅनर घ्यायचा, ही परत बादली घ्यायची.

म्हातारी गेली तेव्हा तपासायला येणारे डॉक्टर म्हणाले होते, चार वर्षांत पाठीवर एक जखम नाही, असं मी पाहिलं नाही. हरिश्चंद्र तेव्हा सुट्टीवर होता, समोरच उभा होता, त्याने ते ऐकलं. त्याला वाटलं, आईची कातडी मुळातच चांगली. काय करणार, पुरुषाचं डोकं.

तर तो रिटायर झाला, घरी आला आणि महिनाभरात सावित्रीने त्याच्यासमोर एक फॉर्म ठेवला. मारुती मंदिराजवळ एका इमारतीत वरच्या मजल्यावर रुग्णसेविकेचा कोर्स सुरू होणार होता, सहा महिन्यांचा, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. "मी चार वर्षं केलं तेच आहे," ती म्हणाली, "फक्त त्याला नाव आहे." हरिश्चंद्र म्हणाला, कर की, मनाला विरंगुळा. त्याला वाटलं शिवणाच्या क्लाससारखं काहीतरी असेल. दुपारी दोन तास बाई घराबाहेर, आपण निवांत झोपू. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक की ह्या कोर्सला कापड लागतं, आणि ते कापड म्हणजे तो आहे.

पहिल्याच आठवड्यात ती घरी आली तीच तोंड एवढंसं करून. "अहो, माणसाला दोनशे सहा हाडं असतात."

"असू देत," हरिश्चंद्र म्हणाला. "आपल्याला कुठे मोजायची आहेत?"

मोजायचीच होती. मॅडम म्हणाल्या होत्या, घरी कुणाच्या तरी अंगावर हात लावून पाठ करा, नुसतं पुस्तक वाचून होत नाही. आणि घरात कुणीतरी म्हणजे कोण? मांजर सोडलं तर एकच प्राणी. तेव्हापासून संध्याकाळी साडेसहा म्हणजे साडेसहा. "आडवे व्हा. हलू नका."

बरं, हरिश्चंद्राची शरीरयष्टी कशी, तर जहाजावरच्या भंडाऱ्याने, म्हणजे आचाऱ्याने, प्रेमाने वाढवलेली. त्याच्या अंगात हाडं आहेत हे सांगावं लागतं, दिसत नाहीत. सावित्री बरगड्या मोजायला लागली की दोन बोटं रोवून एक, दोन, तीन... सातपर्यंत बरं चालायचं, मग पोट सुरू व्हायचं. एकदा दहावर येऊन थांबली.

"दहाच आहेत."

"दहा तर दहा."

"बारा असतात. प्रत्येक बाजूला बारा."

"दोन राहिल्या असतील दुबईला."

तिला हसू नाही. ती वही काढून वाचतेय, "शेवटच्या दोन तरंगत्या बरगड्या." तरंगत्या म्हणजे? हरिश्चंद्र तसाच पडल्या पडल्या म्हणतो, "अगो, तरंगत्या काय, होड्या आहेत काय त्या?" तर म्हणे पुढे छातीच्या हाडाला जोडलेल्या नसतात म्हणून तरंगत्या. मागून सापडतील. म्हणजे परत पालथे व्हा. आणि त्या सापडल्या बरं का, कमरेच्या वर, पाठीत, आणि त्या सापडताना हरिश्चंद्राला अशा गुदगुल्या झाल्या की पलंगाची एक फळी निखळली. त्यावर तिचं काय? "हलू नका म्हटलं ना!"

असे दिवस चालले होते. खांद्यापासून गळ्यापर्यंत येतं ते गळपट्टीचं हाड, म्हणजे क्लॅव्हिकल. पाठीवरचा खवाटा, म्हणजे स्कॅप्युला. दंडात ह्युमरस, मांडीत फीमर, गुडघ्यावर वाटी, नडगी, घोटा. फक्त एक गंमत व्हायची. हात वर-खाली करून बघायची वेळ आली की हरिश्चंद्र नेहमी उजवा हात पुढे करायचा. "डावा नको, डावीकडे भिंत लागते." भिंत लागत होती हे खरं, पण पलंग काही भिंतीला चिकटून नव्हता. सावित्री उजवा हात धरायची आणि वहीत काहीतरी लिहायची.

मग सांध्यांचा धडा आला आणि बाई अडली.

तुम्हाला सांगतो, हाडं तरी एका जागी असतात. सांधे हलतात. आणि प्रत्येक हलण्याला एक मराठी नाव, एक इंग्रजी नाव. कोपर दुमडलं की आकुंचन, फ्लेक्शन. सरळ केलं की प्रसरण, एक्स्टेन्शन. इथवर ठीक. पण हात अंगापासून बाजूला नेला की अपवर्तन, अबडक्शन. परत अंगाकडे आणला की अभिवर्तन, अडक्शन. अबडक्शन, अडक्शन... ती दिवसभर हेच पुटपुटत होती, भात ढवळताना, कपडे वाळत घालताना, आणि दर वेळी उलटं. क्लासमधल्या बाकीच्या मुली वीस-बावीस वर्षांच्या, त्यांचं पटापट पाठ. हिला मॅडमनी विचारलं, हिने उलटं सांगितलं, मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या दिवशी ती घरी आली, चहा केला, चहात साखर घालायला विसरली आणि वही कपाटावर टाकून म्हणाली, "मी जाणार नाय उद्यापासून. नववी शिकलेल्या बाईने हौस करू नये."

आता बघा, हरिश्चंद्राला ही आयती संधी होती की नाही? उद्यापासून शर्ट अंगात, दुपारी झोप, संध्याकाळी टीव्ही. एक शब्द बोलला नसता तरी चाललं असतं. पण त्याने तो बिनसाखरेचा चहा प्यायला, सगळा प्यायला, उठून वही खाली काढली आणि म्हणाला, "मला दाखव काय अडलंय ते."

तिने दाखवलं. तो हसला. म्हणाला, "अगो, हे तर माझं काम. हा कोपराचा सांधा, बिजागरीचा सांधा लिहिलंय ना? केबिनच्या दाराला असते तीच बिजागरी. एकाच बाजूला उघडणार. उलटं केलंस तर मोडणार. आणि हा खांद्याचा, उखळीचा सांधा, हा बॉल जॉइंट. गोल दांडा वाटीत बसलेला, चहूकडे फिरतो. ग्रीस संपलं की कुरकुरतो. मशीन आहे मशीन."

"आणि अबडक्शन?"

हा शब्द ऐकला आणि हरिश्चंद्र सावरून बसला. "हा शब्द मला पाठ आहे. एडनच्या आखातातून जाताना कॅप्टन आम्हाला डेकवर उभं करून सांगायचा. चाचे आले तर काय करायचं. अबडक्शन म्हणजे माणसाला पळवून नेणं." त्याने उजवा हात अंगापासून बाजूला नेला. "हा बघ, हात पळवला. अबडक्शन." मग परत आणून बरगडीला चिकटवला. "आणि हा परत आपल्यात अ‍ॅड केला. अडक्शन."

सावित्रीने चहाचा कप खाली ठेवला. मग स्वतःचा हात उचलला. पळवला... अ‍ॅड केला. पळवला... अ‍ॅड केला. पंधरा वेळा. आणि मग चहाचा एक घोट घेऊन म्हणाली, "अहो, ह्यात साखर नाय. तुम्ही प्यायलात कसा?"

दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली आणि संध्याकाळी आली ती डबल उत्साहाने. म्हणजे हरिश्चंद्राचे भोग डबल. आता तिने नवीन शोध लावला. चिठ्ठ्या. वहीचे कागद कापून प्रत्येकावर वर मराठी नाव, खाली इंग्रजी, आणि चिकटपट्टीने ज्या त्या हाडावर चिकटवायची. ह्याला घोरत पडू द्यायचा आणि चिकटवायची. पंचेचाळीस मिनिटं सराव, मग सगळ्या काढायच्या. सगळ्या काढायच्या असं ठरलं होतं. पण एके दिवशी एक राहिली.

हरिश्चंद्र उठला, पिशवी घेतली, नाक्यावर गंगुबाईकडे सौंदाळे आणायला गेला. जाताना वाटेत चार माणसं भेटली, चौघांनी वळून बघितलं. त्याला वाटलं, रिटायर झाल्यावर आपली तब्येत सुधारलेली दिसते. गंगुबाई मासे निवडत होती, तिची नात वेदिका, पाचवीतली, शेजारी बसून गृहपाठ करत होती. हरिश्चंद्र पाठ फिरवून खिशातून पैसे काढतोय, तर मागून वेदिका एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचतेय, "मा...कड...हाड. आजोबा, तुमच्या मागे माकडहाड लिहिलंय."

हरिश्चंद्राने हात मागे नेला. उजवा. बरमुडाच्या बरोब्बर मधोमध चिठ्ठी. गंगुबाईने हातातला सौंदाळा तसाच धरून मान वाकडी केली, नीट बघितलं आणि म्हणाली, "लिवलंय ते बरोबर जागी हाय ना? मग झालं." आणि मासे कापायला लागली.

घरी येऊन त्याने काय आकांडतांडव केलं असेल? काही नाही. म्हणाला, "चिठ्ठी राहिली होती." ती म्हणाली, "कुठली?" तो म्हणाला, "कोक्सिक्स." बघा, त्यालाही पाठ झालं होतं.

मार्चमध्ये परीक्षा आली. लेखी बरी गेली. तोंडी आणि प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी. हरिश्चंद्र तिला स्कूटरवरून सोडायला गेला आणि सोडून परत यायचं ते आलाच नाही, जिन्याजवळच्या बाकड्यावर बसून राहिला. दार उघडं होतं. आत तेवीस मुली आणि सावित्री, क्लासच्या ऋजुता मॅडम, म्हणजे ह्यांच्या मुलीपेक्षाही लहान, फिजिओथेरपिस्ट, आणि चिपळूणहून आलेले एक परीक्षक. शेजारी स्टँडला लटकवलेला प्लॅस्टिकचा सांगाडा. पाळी सावित्रीची आली.

"स्कॅप्युला दाखवा," परीक्षक म्हणाले.

सावित्री सांगाड्यासमोर उभी राहिली. हात उचलला... आणि हात हवेतच. ती त्या सांगाड्याकडे बघतेय, सांगाडा तिच्याकडे बघतोय. अहो, तिने सहा महिने हाडं शोधली ती नव्वद किलोच्या माणसात, दाबून, चाचपून, मऊ लागलं की पुढे, टणक लागलं की थांब. इथे सगळंच टणक. सगळंच उघडं. मांसच नाही तर हाड सापडणार कसं? तिच्या कपाळावर घाम आला. मागून परत ते फिस्सकन. परीक्षकांनी पेन उचललं.

बाहेर हरिश्चंद्र बाकड्याच्या टोकाला सरकला. तुम्हाला सांगतो, इंजिनरूममध्ये एकदा आग लागली होती तेव्हाही तो एवढा घाबरला नव्हता. जावं आत? काय म्हणून जावं? तो नुसता उठून दारात उभा राहिला.

ऋजुता मॅडमनी त्याला बघितलं. त्या परीक्षकांना म्हणाल्या, "सर, ह्यांना माणसावर विचारा ना. काम माणसावरच करायचं आहे." परीक्षक म्हणाले, "माणूस कुठला आणणार आता?" मॅडमनी दाराकडे बोट दाखवलं. "काका, आत येता का जरा?"

आता विचार करा. चोवीस बायका, दोन परीक्षा घेणारे, आणि हरिश्चंद्राने आत घातलेला गंजीफ्रॉक कसा, तर डाव्या काखेत भोक. सकाळी बायको म्हणाली होती बदला, हा म्हणाला होता कोण बघतंय. घातला हात बटणाला. शर्ट काढला. टेबलावर पालथा झाला. खोलीत कुणी हसलं नाही, हे मात्र त्या मुलींचं मोठेपण.

आणि मग पाठीवर ओळखीचा हात पडला. "हलू नका," सावित्री म्हणाली.

पुढे काय विचारता? स्कॅप्युला. क्लॅव्हिकल. ह्युमरस. बरगड्या बारा, त्यातल्या दोन तरंगत्या, ह्या इथे. तो गुदगुल्यांनी मरत होता, पण हलला नाही. अबडक्शन म्हणजे? "पळवून नेणं, सर," ती म्हणाली आणि परीक्षकांनी मान वर केली. "म्हणजे अंगापासून लांब नेणं." परीक्षक म्हणाले, दाखवा, डाव्या हाताने. तिने हरिश्चंद्राला उठवून बसवलं, त्याचा डावा हात धरला, हळूच बाजूला उचलत नेला आणि खांद्याच्या रेषेत आणून थांबवला.

"पुढे?" परीक्षक म्हणाले.

"पुढे जात नाय सर. नव्वदला अडकतो. ह्यांचा खांदा आखडलाय, डिसेंबरपासून. मला सांगितलेलं नाय ह्यांनी. पण शर्ट घालताना डावी बाही आधी घालतात आणि काढताना शेवटी काढतात."

हरिश्चंद्राने बायकोकडे बघितलं. तीन महिने लपवलं होतं त्याने. डॉक्टर, इंजेक्शन, नसती कटकट म्हणून. तीन महिने, आणि ही रोज वहीत लिहीत होती.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आता हे अंथरुणात आहेत, स्वतः हलू शकत नाहीत असं समजा. कुशीवर वळवा."

हरिश्चंद्र उताणा झोपला. डोळे मिटले. तिने त्याचा पलीकडचा हात छातीवर आणून ठेवला. पलीकडचा गुडघा दुमडला. एक हात खांद्यावर, एक खुब्यावर. आणि वाकून त्याच्या कानाशी, परीक्षकांना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता माझ्याकडे वळायचं हां. मी धरलंय. माझ्याकडे बघा." आणि नव्वद किलोचा माणूस वळला. धक्का नाही, ओढ नाही. पाठीखालची चादर एका हाताने सरळ केली, सुरकुती राहू नये म्हणून. खांद्यामागे उशी लावली.

हे कुणी शिकवलं होतं तिला? वहीत नव्हतं ते. हरिश्चंद्र डोळे मिटून कुशीवर पडला होता आणि मोजत होता... दर दोन तासांनी एकदा. दिवसाला बारा वेळा. चार वर्षं. फिटरला हिशोब करायला वेळ लागत नाही. आई कशी आहे, बरी आहे. त्याच्या डोळ्यातून पाणी येऊन नाकावरून ओघळलं, आणि हलायचं नसल्यामुळे पुसताही येईना. सावित्रीने पदराने पुसलं. परीक्षक म्हणाले, "हेही लक्षात ठेवा मुलींनो." त्यांना वाटलं तोही परीक्षेचाच भाग.

निकाल लागला. सावित्री नागवेकर, प्रथम श्रेणी. मुलीने ठाण्याहून फोन करून सगळं परत परत ऐकलं. पंधरा दिवसांत कामही लागलं, मिरजोळ्याला एका निवृत्त हेडमास्तरांकडे, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पण त्याच्या आधी, सकाळी सात ते आठ, तिचा घरचा पेशंट. ऋजुता मॅडमनी व्यायाम लिहून दिले होते. स्वयंपाकघरातल्या भिंतीसमोर उभं राहायचं, डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चढवायची, जिथवर जातील तिथे पेन्सिलने खूण. हरिश्चंद्र दुसऱ्या दिवशीच म्हणाला, आज राहू दे, दुखतंय. ती कमरेला पदर खोचून मागे उभी. "सहा महिने हलू नका म्हटलं ते ऐकलंत ना? आता हला."

हलला बिचारा. एप्रिलमध्ये खूण खिडकीच्या पट्टीपर्यंत. मे महिन्यात स्विचबोर्डच्या वर. पाऊस सुरू झाला तशी खूण मंदगतीने चालली, मग एकदम वीतभर उडी मारली. तो सकाळी उठून स्वतःच भिंतीशी जाऊन उभा राहायला लागला, तिच्या आधी. जेवणही आता दुपारचं तोच करायचा, सौंदाळ्याची आमटी तर त्याची तिच्यापेक्षा बरी होते, हे मी खाऊन सांगतो. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तिचं नाव छापलेलं आहे, ते तो रोज सकाळी तिच्याआधी हुकावरून काढतो, चष्म्याची काच पुसावी तसं शर्टाला पुसतो आणि तिच्या हातात देतो.

आणि श्रावणात एका रविवारी हात पूर्ण वर गेला. कानाला दंड टेकला. एकशे ऐंशी. हरिश्चंद्राने तिला हाक मारली, सात वर्षांचं पोर सायकल शिकल्यावर मारतं तशी. ती ओल्या हाताने आली. त्याने परत करून दाखवलं. ती जवळ आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत सांधा कसा फिरतो ते बोटांनी बघितलं, समाधानाने मान हलवली. हरिश्चंद्र वाट बघत होता, दोन शब्द कौतुकाचे येतील. यायला नकोत? पाच महिने भिंत चढला होता माणूस.

सावित्रीने त्याच्या हाताची बोटं कुठवर पोचलीत ते बघितलं. मग बोटांच्या वर बघितलं. तिथून हातभर अंतरावर माळा होता.

"बरं झालं वेळेत सुटला हात," ती म्हणाली. "गणपती तीन आठवड्यांवर आलेत. माळ्यावरची सगळी पितळेची भांडी खाली काढायची आहेत."

आणि हरिश्चंद्र... तुम्हाला सांगतो, स्टूल आणायला गेला.